न सुचवणारा एडिटर

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात अवधूत पिंपळापुरे पुन्हा कामावर रुजू झाले, त्या दिवशी त्यांना माझ्या गाडीतून मी नेलं. टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर आहेत, ऑफिस एकच, आणि डॉक्टरांनी त्यांना आणखी काही महिने ड्राइव्ह करायला मनाई केली होती. ते नागपूरचे, माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना अवधूतभाऊ म्हणते.

ते सीटबेल्टशी झटापट करत होते तेवढ्यात ज्ञानदावहिनी माझ्या खिडकीशी आल्या. "मीनाक्षी, एक सांगून ठेवते. बोलता बोलता तो अडला, तर शब्द पुरवायचा नाही. कितीही वेळ लागू दे. थेरपिस्टनं बजावलंय."

"बरं," मी म्हटलं. ऐकताना ते सोपं वाटलं होतं.

हायवे सिक्सच्या पहिल्याच सिग्नलला आम्ही थांबलो. भाऊंनी एसी कमी केला, मग वाढवला, खिडकी उघडली, बंद केली. मग समोर बोट दाखवून म्हणाले, "मीनाक्षी, ते... ते झालं बघ. ते..."

मी वाट बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते, बोट तसंच समोर होतं. मागून दोन गाड्यांनी हॉर्न वाजवले.

"अगं, चल ना," ते अगदी स्वच्छ म्हणाले. सिग्नल हिरवा झाला होता, तेच ते सांगत होते. आम्ही दोघंही हसलो. पण पुढची वीस मिनिटं त्यांचा उजवा पाय थांबला नाही. डॅशबोर्डखाली तो सारखा हलत होता.

तसा पाय त्यांचा पहिल्यापासूनच हलायचा. अवधूतभाऊंना कुणी एका जागी बसलेलं पाहिलेलं नाही. मीटिंगमध्ये ते भिंतीला टेकून उभे राहायचे. जेवायला गेलो की ऑर्डर देऊन पार्किंग लॉटमध्ये एक चक्कर मारून यायचे. एकोणीस वर्षांत त्यांनी शुगर लँडमध्येच तीन घरं बदलली, प्रत्येक वेळी कारण वेगळं: पहिलं पश्चिमेला तोंड करून होतं, दुसऱ्याच्या मागे रस्त्याचा आवाज यायचा. ऑफिसात त्यांनी मागवून परत केलेल्या खुर्च्या मोजायचं लोकांनी सोडून दिलं होतं.

मात्र एडिटर उघडला की हा माणूस चार-चार तास हलायचा नाही. एडिटर म्हणजे आम्ही लोक ज्यात प्रोग्रॅम लिहितो ते साधं लिखाणाचं साधन. कागद म्हणा, पाटी म्हणा. भाऊंचा एडिटर कॉलेजच्या लॅबपासूनचा होता. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊस नाही, बटणं नाहीत. सगळं काही की-बोर्डवरच्या एकेका अक्षरानं करायचं: या अक्षरानं ओळ पुसायची, त्या अक्षरानं उचलायची. नवी मुलं रंगीबेरंगी एडिटर वापरायची आणि त्यांना चिडवायची. भाऊ शांतपणे सांगायचे, "मला पाटी पाहिजे. पाटीनं माझ्याशी बोलायचं नाही." कर्सर लुकलुकलेलासुद्धा त्यांना चालत नसे. कुणीतरी समोर बसून टिचक्या वाजवतंय असं वाटतं म्हणायचे.

आमची कंपनी गॅसच्या पाइपलाइनचं वेळापत्रक करणारं सॉफ्टवेअर चालवते. उद्या कुठल्या पाइपमधून किती गॅस कुणाकडे जाणार, हे ते ठरवतं. त्यातले निम्म्याहून अधिक नियम भाऊंनी लिहिलेले आहेत. मी टेस्टर आहे, म्हणजे त्यांनी लिहिलेल्यात चुका शोधणं हे माझं काम. नऊ वर्षांत त्यांच्या चुका मला फारशा सापडल्या नव्हत्या.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी ते डिशवॉशर रिकामा करत होते. हातात वाटी धरून त्यांनी ज्ञानदावहिनींना विचारलं, "ही खिडकीत ठेवू का?" वहिनींना वाटलं, गंमत करतोय. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, आणि मग नुसतंच "खिडकी, खिडकी" म्हणत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती आणि ओठाची उजवी कड खाली ओढली गेली होती. वहिनींनी ॲम्ब्युलन्सला फोन करायला दोन मिनिटंही घेतली नाहीत, म्हणून बरंच काही वाचलं. मेंदूच्या डाव्या बाजूला छोटी गुठळी होती. लुळा पडलेला उजवा हात दहा-बारा दिवसांत परत आला. शब्द आले नाहीत.

म्हणजे विसरले होते असं नाही. वस्तू कळायची, तिचं काम कळायचं, चित्र काढून दाखवता यायचं. फक्त नाव यायचं नाही, नाहीतर शेजारचं यायचं. चमच्याला काटा, गुरुवारला मंगळवार. त्यातही मराठी शब्द आधी परतले आणि इंग्रजी मागे राहिले. आणि भाऊंचं सगळं काम इंग्रजी नावांत.

घरात सगळे थांबायला शिकले. त्यांची सोळा वर्षांची मुलगी अनिका, एरवी एक मिनिट शांत न बसणारी, वडील अडले की ताटाकडे बघत घास धरून बसायची. शब्द सापडला की "गॉट इट, बाबा" म्हणायची आणि जेवायला लागायची.

ऑफिसात मात्र हे कुणाला माहीत नव्हतं. छोटासा स्ट्रोक होता, आता बरे आहेत, एवढंच कळवलं होतं. पुढचं भाऊंनी मला आणि वहिनींना सांगू दिलं नाही. "ऑफिसात कळलं तर माझ्याकडे असे... असे बघतील," ते गाडीत म्हणाले. कसे, तो शब्द त्यांना सापडला नाही. मला कळला होता, पण मी गप्प बसले.

पहिल्या दिवशी त्यांनी त्यांचा जुना एडिटर उघडला. मी पलीकडेच बसते. थोड्या वेळानं की-बोर्डचा आवाज थांबला म्हणून मी डोकावले. ते स्क्रीनकडे बघत होते. एक ओळ पुसायला गेले होते आणि अख्खा परिच्छेद गेला होता. परत आणायचं अक्षर कुठलं, ते बोटांना आठवत नव्हतं. तीस वर्षं जी अक्षरं त्यांच्या बोटांत होती, ती तिथे नव्हती. त्यांनी आणखी एक अक्षर दाबलं, मग आणखी एक. दर वेळी काहीतरी वेगळंच होत होतं. मग ते उठले आणि पार्किंग गॅरेजमध्ये चालायला गेले. पाऊण तासानं परत आले.

दुपारी आमचा मॅनेजर ऋषी त्यांच्या डेस्कशी आला. ऋषी चौतिशीचा, ठाण्याचा, कामाला तडफदार आणि मनानं चांगला. भाऊ रजेवर असताना आमची सगळी टीम एका नव्या एडिटरवर गेली होती. "अवधूत, हा ट्राय कर ना," तो म्हणाला. "तू दोन शब्द टाईप केलेस की पुढची लाइन तोच सुचवतो. पटली तर टॅब दाबायची, बस. तुझी ती काळी पाटी आता म्युझियममध्ये ठेव यार."

भाऊ एरवी अर्धा तास वाद घालायचे. त्या दिवशी ते म्हणाले, "बरं, लाव."

नव्या एडिटरमध्ये भाऊ एक शब्द लिहायचे आणि पुढे फिकट करड्या अक्षरांत अख्खी ओळ उभी राहायची. नावंसुद्धा. जी नावं त्यांना सापडत नव्हती, ती समोर मांडलेली. की-बोर्डवरची टॅब दाबली की करडी अक्षरं पक्की काळी व्हायची. पहिल्या आठवड्यात त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्या आठवड्यात त्यांचं काम आजारपणाच्या आधीपेक्षाही जास्त होऊ लागलं. ऋषीनं टीमसमोर त्यांचं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या, भाऊ भिंतीला टेकून उभे होते ते बाहेर निघून गेले.

त्या संध्याकाळी आम्ही गाडीतून परत निघालो. फोर्ट बेंडच्या बाजूला ट्रॅफिक तुंबला होता. त्यांनी सीट मागे केली, पुढे केली, पुन्हा मागे केली.

"मीनाक्षी, मी लिहून राहिलो की तो लिहून राहिला, हे मला समजत नाही."

"सगळेच टॅब दाबतात, भाऊ."

"सगळ्यांना माहीत असतं, आपल्याला काय... काय पाहिजे होतं. मग ते बघतात, तेच आहे का. माझ्या डोक्यात जागा रिकामी असते. त्यानं काहीही ठेवलं की मला वाटते, हेच होतं." ते थांबले. "घरी तुम्ही सगळे थांबता. हा थांबत नाही."

"मग ते सुचवणं बंद करून टाका. सेटिंग असेल."

"आहे," ते म्हणाले, आणि बाहेर बघू लागले.

तेव्हा मला वाटलं, त्यांना सेटिंग सापडत नसेल. नंतर कळलं, ती त्यांनी पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवली होती. ती बंद केली की खाली जे उघडं पडणार होतं, त्याला ते घाबरत होते.

याच सुमाराला त्यांनी घरी एडिटर शोधायला सुरुवात केली. निमित्त थेरपीचं होतं. त्यांची थेरपिस्ट डेबोरा, टेक्सासचीच, आजीच्या वयाची आणि शिस्तीची. तिनं सांगितलं होतं: रोज दहा मिनिटं खिडकीतून जे दिसेल ते लिहायचं, कुठल्याही भाषेत, पण कुणाची मदत न घेता. एखादी वही चालली असती. पण उजव्या हातानं पेन धरलं की अक्षर अजून वाकडं यायचं, आणि ते पाहिलं की भाऊंचा दिवस खराब जायचा. म्हणून लॅपटॉप.

मेच्या अखेरीस मेमोरियल डेच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे चहाला गेले तर डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडा, भाऊ त्याच्याभोवती फेऱ्या मारतायत आणि वहिनी वैतागलेल्या. "हा अकरावा," वहिनी म्हणाल्या. "इतकी स्थळं तर माझ्यासाठीसुद्धा पाहिली नव्हती."

भाऊंनी मला एकेक उघडून दाखवला. पहिल्यात त्यांनी मराठीत लिहिलं की प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ यायची. "मोठ्या मुश्किलीनं एक शब्द सापडते," ते म्हणाले, "आणि हा म्हणते, चूक." दुसरा उघडताच आपल्याच नव्या सोयींची यादी वाचायला लावायचा. तिसऱ्याला आधी ईमेल आणि पासवर्ड हवा होता. चौथ्यात अक्षरं सुंदर, पण मराठीची मोडतोड व्हायची; वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे, आणि कर्सर भलत्याच जागी जाऊन बसायचा. एकात तर मन एकाग्र व्हावं म्हणून मागे धुक्याचं चित्र होतं आणि प्रत्येक अक्षराला टाइपरायटरचा टकटक आवाज. तो ऐकून भाऊ मनापासून हसले. स्ट्रोकनंतर त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

अनिका सोफ्यावरून म्हणाली, "बाबा, जस्ट पिक वन. दे आर ऑल द सेम."

"सेम नाहीत," भाऊ म्हणाले. "मला असा पाहिजे जो... जो..." अनिकानं फोन खाली ठेवला. वहिनींनी कप तसाच हातात धरला. बाहेर कुणीतरी लॉन कापत होतं, तो आवाज जवळ आला आणि लांब गेला. "जो माझ्यासोबत बसेल," ते म्हणाले.

शेवटी जो टिकला तो कुणीतरी फुकट ठेवलेला, नावही धड नसलेला एडिटर होता. त्यात एक पान होतं आणि काही नव्हतं. भाऊंनी अक्षर मोठं केलं, पानाला जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळट रंग दिला, कर्सरचं लुकलुकणं बंद केलं. मराठी नीट उमटत होती. त्यात ते रोज सकाळी दहा मिनिटं लिहू लागले. एकदा मला दाखवलं. ओळी अशा होत्या: पत्रपेटी. शेजाऱ्याचं कुंपण. पाण्याच्या चरात पांढरा, मानेचा, एक पाय. आणि त्याच्या खाली, चार मिनिटांनी, बगळा.

घरचं असं चाललं होतं, ऑफिसात मात्र करडी अक्षरं काळी होत होती. ऋषीनं त्यांचं नाव नव्या प्रोजेक्टचे लीड, म्हणजे प्रमुख, म्हणून वर पाठवलं. ती बातमी त्यांनी मला गाडीत सांगितली आणि पुढच्याच सिग्नलला म्हणाले, "मला इथे उतरव, मी चालत जातो." घर तीन मैल लांब होतं आणि बाहेर अठ्ठ्याण्णव डिग्री फॅरनहाइट. मी काही उतरवलं नाही.

जुलैच्या सुरुवातीला वादळ येऊन गेलं. आमच्या भागात चार दिवस वीज नव्हती. वादळानंतर पाइपलाइनचा एक तुकडा तपासणीसाठी दहा दिवस बंद ठेवायचं ठरलं. त्या दहा दिवसांत त्या तुकड्यातून गॅस द्यायचा नाही, असा नियम घालायचा होता. काम छोटं, घाईचं. ऋषीनं ते भाऊंना दिलं आणि त्यांनी ते दुपारी जेवायच्या आत पुरं केलं.

मी टेस्ट करायला बसले. पहिला दिवस ठीक, दुसरा ठीक. दहाव्या दिवशी सॉफ्टवेअर त्या बंद तुकड्यातून गॅस पाठवत होतं. मी पुन्हा चालवून पाहिलं. पुन्हा तेच. नियमात शेवटचा दिवस धरलाच नव्हता. पाठवण्याआधी कंट्रोल रूमच्या माणसांनी ते पाहिलं असतं, बहुतेक. पण आत माणसं काम करत असताना त्या पाइपमध्ये काय जाणार हे बहुतेकवर सोडता येत नाही.

मी भाऊंच्या डेस्कशी गेले. त्यांनी ती ओळ बघितली. खाली वाकून, मग उभं राहून, मग चष्मा काढून बघितली.

"हे मी लिहिलेलं नाही," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं: "टॅब मीच दाबली. वाचूनच दाबली. वाचली तेव्हा मला ती माझीच वाटली."

मी आवाज खाली आणला. "अजून लॉग केलं नाहीये, कुठेच नोंद नाही. तुम्ही दुरुस्त करा, मी पुन्हा टेस्ट करते. विषय संपला." नऊ वर्षांत मी असं कुणासाठी केलं नव्हतं.

"नाही. लॉग कर," ते म्हणाले. "आणि ऋषीला बोलाव. तूही बस."

आम्ही तिघं छोट्या मीटिंग रूममध्ये बसलो. म्हणजे ऋषी आणि मी बसलो. भाऊ उठत होते, बसत होते, खुर्ची सरकवत होते.

ऋषीनं लॅपटॉपवर ओळ बघितली आणि खांदे उडवले. "एक बग आहे यार. मीनाक्षीनं पकडला, झालं. टूल कधीकधी चुकतं."

"टूल नाही," भाऊ म्हणाले. "मला... मला तुला सांगायचं..."

"अरे, एवढं मनाला लावून..."

भाऊंनी हात वर केला. ऋषी थांबला. मला माझ्या घड्याळाचा काटा दिसत होता. ऋषीनं एकदा माझ्याकडे बघितलं, मी मानेनंच थांबायला सांगितलं.

"मला शब्द सापडत नाहीत," भाऊ म्हणाले. "फेब्रुवारीपासून. बोलताना थोडे, लिहिताना जास्त. इंग्रजी तर... खूप. तू जे काम बघून राहिला, त्यातलं माझं किती, मला माहीत नाही. एखाद्या दिवशी निम्मं. एखाद्या दिवशी काहीच नाही. मी लीड नाही होऊ शकत. मला ते सुचवणं बंद करून काम करायचं आहे. हळू होईल. खूप हळू होईल."

एवढं बोलायला त्यांना सहा-सात मिनिटं लागली. शर्ट पाठीला चिकटला होता.

ऋषी टेबलाकडे बघत राहिला. "मी तुझं नाव वर दिलंय अवधूत," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू टेस्टिंगला साइन ऑफ देत होतीस."

साइन ऑफ म्हणजे तपासलं, चालेल, अशी माझी मंजुरी. त्याचं म्हणणं खरं होतं. भाऊंना दिलेला शब्द पाळताना मी माझ्या कामाशी काय केलं होतं, ते मला त्या खोलीत पहिल्यांदा नीट दिसलं.

"तिला मी गप्प बसवलं," भाऊ म्हणाले.

ऋषी उठला आणि दार उघडून उभा राहिला. "मला विचार करू दे," म्हणाला आणि गेला. त्या दिवशी तो आम्हा दोघांशीही पुन्हा बोलला नाही.

पुढचे तीन आठवडे वाईट गेले. एचआरचे फॉर्म, डॉक्टरांचं पत्र, डेबोराचा रिपोर्ट, मग आणखी एक फॉर्म. भाऊंना तात्पुरतं काहीच काम नव्हतं. ते दिवसातून पाच-पाच वेळा गॅरेजमध्ये चालायला जायचे. सिक्युरिटी गार्डनं एकदा त्यांना पाणी आणून दिलं. घरी त्यांनी फर्निचर हलवायला काढलं. वहिनी मला फोनवर म्हणाल्या, "सोफा रोज वेगळ्या भिंतीला असतो. मी कामावरून येते ती ठेचकाळत." त्यांना भीती होती नोकरीची. अनिका दोन वर्षांत कॉलेजला जाणार होती. एकदा त्या चिडून म्हणाल्याही, "कुणी विचारलं नव्हतं तर सांगायला कशाला गेलास?" भाऊंनी उत्तर शोधलं, त्यांना ते सापडलं नाही, आणि त्या वेळी वहिनीही थांबल्या नाहीत, खोलीतून निघून गेल्या. हे मला भाऊंनीच सांगितलं. वहिनी नंतर तासाभरानं परत आल्या आणि त्यांनी सोफ्याचं दुसरं टोक धरलं.

मला ऋषीनं लेखी समज दिली. मी ती घेतली, वाद घातला नाही.

ऑगस्टच्या मध्यावर निर्णय आला. नोकरी राहणार होती. कुठलाही एडिटर वापरायची मुभा, सुचवणं बंद. पण नवे नियम लिहायचं काम काढून घेतलं. त्याऐवजी सॉफ्टवेअरमधले जुने तीनशेहून अधिक नियम होते, ते का आहेत हे साध्या इंग्रजीत लिहून काढायचं. कुणी कधी लिहून ठेवलं नव्हतं. नियम दिसत होते, कारणं भाऊंच्या डोक्यात होती.

"मला कोपऱ्यात बसवलं," भाऊ म्हणाले. मी नाही म्हटलं नाही. थोडंसं तसं होतंच.

पहिल्या दिवशी त्यांनी घरचाच तो पिवळट पानाचा एडिटर ऑफिसच्या मशीनवर टाकून घेतला. सकाळी नऊला एक नियम उघडला. पाइपलाइनवरच्या एका स्टेशनला रविवारी नेहमीच्या दुपटीपेक्षा जास्त गॅस द्यायचा नाही, असा. का, ते त्यांना पक्कं आठवत होतं: चौदा वर्षांपूर्वी तिथला एक मीटर रविवारी चुकीचं दाखवायचा, त्यासाठी ते स्वतः दोन दिवस त्या स्टेशनवर जाऊन राहिले होते. त्यांनी आधी ते मराठीत लिहिलं. मग एकेक शब्द इंग्रजीत शोधायला लागले. मी पलीकडे बसून ऐकत होते. चार-पाच अक्षरांचा आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा तीन अक्षरं. संध्याकाळपर्यंत सहा ओळी झाल्या. मीटर हा शब्द दोन्ही भाषांत शेवटपर्यंत आला नाही, तिथे त्यांनी रिकामी जागा सोडली. दुसऱ्या दिवशी पार्किंगमधून चालत येताना तो आला. मला सांगत बसले नाहीत, सरळ डेस्कशी जाऊन लिहून टाकला.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. दोनशे दहा नियम झालेत. टीममधली काही मुलं अजून म्हणतात की पिंपळापुऱ्यांना बाजूला टाकलंय, आणि वाईट दिवशी भाऊही तसंच म्हणतात. ऋषी आता त्यांच्याशी बोलताना वाक्य पुरं होईपर्यंत थांबतो. मधेच फोन वाजला तर बंद करतो. नवा नियम लिहायच्या आधी तो भाऊंच्या फायलीत बघून येतो, पण ते कुणाला फारसं सांगत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भाऊंना ड्राइव्हिंगची परवानगी मिळाली. डेबोरानं थेरपी संपवली आणि जाताना त्यांना सांगितलं की काही शब्द कधीच परत येणार नाहीत, त्यांच्यासाठी वळसा घालायला शिका. भाऊ वळसा घालतात. डिशवॉशरला ते भांड्यांचं कपाट म्हणतात, आणि अनिकाही आता तेच म्हणते.

गेल्या महिन्यात एका सकाळी त्यांच्या स्क्रीनवर वेगळंच पान दिसलं. हिरवट रंगाचं, अक्षर आणखी मोठं.

"हे काय, एडिटर बदलला?" मी विचारलं.

"त्यात आकडा एक आणि इंग्रजी एल सारखेच दिसायचे," ते म्हणाले. "हा बरा आहे. पण ह्याचा समास बरोबर नाही." त्यांनी खुर्ची थोडी डावीकडे घेतली, मग उजवीकडे, आणि सेटिंगचं पान उघडलं.